मदत हवी आहे: सासऱ्यांना ओक्लाहोमातल्या वादळवेड्यांच्या मेळाव्याला न्यायचं आहे

कुंदा_इरविंग

नमस्कार मंडळी,

विषय जरा वेगळा आहे, पण इथे ओक्लाहोमातलं कुणीतरी असेलच म्हणून विचारते.

माझे सासरे, अप्पा, वय ७२, सप्टेंबरात आमच्याकडे येताहेत. रावेरजवळ आमची केळी आहेत, आता दीर बघतात. अप्पांच्या मते मुलगा टेक्सासात असण्याचा खरा उपयोग एकच, टॉर्नेडोचा मुलूख हाकेच्या अंतरावर आला. एप्रिल-मे महिन्यात ते पहाटे चारला उठतात. सासूबाईंना आधी वाटलं काकड आरतीसाठी. तर हे पांघरुणात बसून यूट्यूबवर इथल्या वादळामागे धावणाऱ्या लोकांचं थेट प्रक्षेपण बघत होते, कारण इथे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि ढग नेमके तेव्हाच फुटतात. रडारच्या चित्रात लाल आणि हिरवा अगदी चिकटून आले की मला फोन. "कुंदा, तुमच्या वर दोनशे किलोमीटरवर फिरतंय बघ." आणि बहुतेक वेळा खरंच फिरत असतं.

तर या लोकांचा वर्षातून एकदा मेळावा भरतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलंय. मी शोधलं तर दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या. एक ओक्लाहोमातल्या नॉर्मनला शरद ऋतूत भरणारा वेदर फेस्टिव्हल आणि दुसरं फेब्रुवारीतलं चेसर, म्हणजे याच वादळामागे धावणाऱ्या लोकांचं अधिवेशन. यातलं कुठलं? अप्पांचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतात. शिवाय नॉर्मनची तारीख नेमकी दिवाळीच्या तोंडावर आहे, म्हणजे घरी फराळ सोडून तीन तास गाडी हाकायची. नवऱ्याचं म्हणणं, फुगे आणि पोलिसांच्या गाड्या बघायला एवढं कशाला जायचं. पण अप्पांना फुगे बघायचे नाहीत, त्यांना त्या माणसांशी बोलायचंय. ते होतं का तिथे?

नॉर्मनकर

कुंदाताई, योग्य दार ठोठावलंत. मी इथेच राहतो, फेस्टिव्हलला दरवर्षी चक्कर असते.

फेस्टिव्हल भरतो नॅशनल वेदर सेंटरला, म्हणजे ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संशोधन परिसरातल्या पाचमजली इमारतीत. साऱ्या अमेरिकेसाठी टॉर्नेडोचा अंदाज आणि पूर्वसूचना काढणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, वादळांची राष्ट्रीय प्रयोगशाळा, स्थानिक वेधशाळा आणि विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग, सगळे एका छपराखाली. फेस्टिव्हल शनिवारी असतो, प्रवेश फुकट. हवामानाचा फुगा एरवी दिवसातून दोनदा सोडतात, त्या दिवशी तासातासाला सोडतात. मुलांची तिथेच झुंबड असते. तुम्ही ती बाजू सरळ ओलांडून वाहनतळाकडे जा, कारण चेसर लोकांच्या गाड्यांचं प्रदर्शन तिथे असतं आणि अप्पांना हवी असलेली माणसं आपापल्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभी असतात. विचारा म्हणून वाट बघत असतात म्हटलं तरी चालेल. कुठल्याही गाडीच्या पत्र्यावर गारांचे पोचे दिसले की "हे कुठले?" एवढंच विचारायचं. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही.

गाड्याही बघण्यासारख्या असतात. समोरच्या काचेवर लोखंडी जाळी, टपावर वारा मोजायच्या फिरत्या वाट्या, आत तीन-तीन पडदे, वायरींचा गुंता आणि मागच्या सीटवर चिप्सची रिकामी पाकिटं. पोचे कुणी दुरुस्त करत नाही. एकाने तर प्रत्येक पोच्याशेजारी तारीख आणि गावाचं नाव रंगवलं होतं.

सोबत घडीची खुर्ची आणा, अप्पांसाठी. आत लिफ्ट आहे. पासपोर्ट जवळ असू द्या, सरकारी इमारत आहे.

मेघना_डेन्व्हर

फेब्रुवारीच्या अधिवेशनाबद्दल मी सांगते. ते १९९८ साली टिम समारास आणि रॉजर हिल यांनी आमच्या डेन्व्हरला सुरू केलं. स्वभाव अगदी वेगळा. हॉटेलच्या सभागृहात दिवसभर भाषणं, रडार आणि उंचीगणिक वारा कसा बदलतो यावर घमासान, संध्याकाळी लोक आपापल्या चित्रफिती दाखवतात. नवख्याला पहिल्या तासात झोप येईल, मुरलेल्याला स्वर्ग. तिकीट असतं. जागा आणि तारीख संयोजकांकडे तपासून घ्या. अप्पा रडार वाचतात म्हणजे मुरलेले आहेत, पण भाषणांचं इंग्रजी सुसाट असतं, आणि ७२ व्या वर्षी फेब्रुवारीच्या थंडीत त्यांना विमानतळ आणि हॉटेल करत फिरवायचं का? मी तरी नॉर्मनच म्हणेन.

समारास हे नाव अप्पांना माहीत असणार. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर नावाच्या वस्तीजवळ त्यांनी बसकं, कासवासारखं एक उपकरण टॉर्नेडोच्या वाटेत ठेवलं आणि स्वतः पळ काढला. वादळ बरोबर त्याच्यावरून गेलं आणि हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद झाली. मँचेस्टर पुन्हा वसलं नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघेही टॉर्नेडोत मरण पावले. त्याची रुंदी ४ किलोमीटरच्या वर भरली होती, आजवर मोजलेल्यांत सर्वांत रुंद. मेळाव्यात हा विषय अजूनही निघतो आणि निघाला की मोठ्याने बोलणारेही आवाज खाली आणतात. विषय आपण काढू नये, त्यांनी काढला तर ऐकावं.

खवचट_बंडू

मला एक कळत नाही. लोकांची घरं उडतात, गुरं मरतात, आणि ही मंडळी त्याची जत्रा भरवतात? अप्पा केळीवाले आहेत ना? त्यांच्या बागेत वारा शिरला तेव्हा कुणी काठावर उभं राहून व्हिडिओ काढला असता तर चाललं असतं का?

कुंदा_इरविंग

बंडूभाऊ, हाच प्रश्न मी अप्पांना मागे विचारला होता. आमची मृगबाग एका मे महिन्यात पूर्ण आडवी झाली होती, निसवलेली, घड लागलेली झाडं मधून मोडून. हातात महिनाभराचं काम होतं फक्त. त्यानंतरच त्यांना हा नाद लागला. ते म्हणाले, "वावधान आलं तेव्हा आम्हाला पाच मिनिटं आधी कोणी सांगितलं नाही. हे लोक सांगतात." बाग पाच मिनिटांत वाचत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण बागेत तेव्हा चार मजूर होते.

नॉर्मनकर

बंडूशेठ, तुमचा मुद्दा अगदीच फुकट नाही. मे महिन्यात एखादा ढग गावाकडे सरकला की मागे गाड्यांची अशी रांग लागते की रुग्णवाहिकेला वाट मिळेना. शेतकऱ्यांच्या कच्च्या वाटा अडवतात, गव्हात गाड्या घालतात, त्यांना इथलेही लोक शिव्या घालतात. फक्त चित्रफीत विकण्यासाठी धावणारे आहेतच.

पण दुसरी बाजू अशी की रडारचा किरण सरळ जातो, जमीन वाकत जाते. त्यामुळे लांबच्या वादळाचा खालचा भाग रडारला दिसतच नाही. ढगाखाली जमिनीवर काय चाललंय ते तिथल्या माणसानेच सांगावं लागतं. म्हणून वेधशाळा दर वसंतात स्कायवॉर्नचे, म्हणजे वादळ बघून खबर देणाऱ्या स्वयंसेवकांसाठीचे, फुकट वर्ग घेते आणि प्रशिक्षित माणसाचा फोन आला की त्याला किंमत असते. डेव्हिड होडली नावाचे गृहस्थ १९५६ पासून नॉर्थ डकोटात हे करत होते, तेव्हा रडार घरी बघायची सोयच नव्हती. पुढे १९७७ साली त्यांनी या मंडळींसाठी छोटं नियतकालिक काढलं. या सगळ्या मेळाव्यांचं मूळ तिथे आहे, लोक आधी पत्रांतून भेटत होते.

कुंदाताई, ते मोडलेल्या बागेचे फोटो आहेत का? असतील तर छापून आणा, मोबाइलवर नकोत. उन्हात पडदा दिसत नाही.

कुंदा_इरविंग

आहेत. पंचनाम्यासाठी काढले होते, तलाठ्याला द्यायला. पण ते अमेरिकन माणसाला काय दाखवायचे? आडवी केळी नुसती.

नॉर्मनकर

आडवी कुठल्या बाजूला, हाच तर सगळा खेळ. टेत्सुया फुजिता, ज्यांच्या नावाने टॉर्नेडोची तीव्रता सांगणारी एफ-श्रेणी आहे, ते १९७४ च्या एप्रिलमधल्या टॉर्नेडोंच्या मोठ्या उद्रेकानंतर विमानातून पाहणी करत होते. एका जंगलात झाडं एका बिंदूपासून चारी बाजूंना बाहेर पडलेली दिसली. टॉर्नेडोने पडलेली झाडं एकमेकांवर आडवीतिडवी, आतल्या बाजूला वळलेली असतात. हे वेगळं होतं. असंच चित्र त्यांनी १९४५ साली नागासाकी आणि हिरोशिमाला बॉम्बनंतर पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी मांडलं की ढगातून थंड हवा धप्पकन खाली आपटते आणि जमिनीवर पसरते. डाउनबर्स्ट. पुढे विमान अपघात टाळायला त्याचा फार उपयोग झाला.

तुमच्या मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात बहुतेक हेच असतं. सगळी केळी एकाच दिशेला पडली असतील तर अप्पांनी टॉर्नेडो नाही, डाउनबर्स्टच्या पसरत जाणाऱ्या हवेची पुढची कड पाहिली. केळीला खोड म्हणावं तसं खोड नाही, नुसते पानांचे देठ गुंडाळलेले, त्यामुळे वाऱ्याची दिशा ती स्वच्छ दाखवते. इथल्या लोकांनी गहू, मका, ओक बघितलेत. केळीची बाग कुणी पाहिलेली नाही. तुमच्याभोवती घोळका होईल, बघाच.

सुहास_पुणे

धाग्यावर थोडं अवांतर. पुण्यात राहणाऱ्यांना असं काही हवं असेल तर २३ मार्चला, जागतिक हवामान दिनाला, शिवाजीनगरची वेधशाळा म्हणजे आपलं सिमला ऑफिस लोकांना आत बघू देते. गर्दी शाळांची जास्त, पण कुणी मनापासून विचारलं तर तिथले लोक छान सांगतात. वादळामागे गाडी घेऊन पळायचं मात्र आपल्याकडे कुणी डोक्यात आणू नका. इथे पश्चिम घाटात रस्ता वळतो तिकडे ढग वळत नाही.

भाग्यश्री_फ्रिस्को

+१ नॉर्मनकर. आम्ही मुलांना घेऊन जातो, त्यामुळे काही गृहिणीछाप सूचना. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा घरचा सामना त्याच शनिवारी आहे का ते आधी बघा. स्टेडियमला ऐंशी हजारांच्या वर माणूस मावतं आणि त्या दिवशी नॉर्मनमध्ये हॉटेल सोडा, गाडी वळवायलाही जागा मिळत नाही. सामना असेल तर मूर किंवा ओक्लाहोमा सिटीत मुक्काम करा.

आय-३५ ने सरळ वर. सीमेवरचा तो अवाढव्य कॅसिनो दिसला की टेक्सास संपलं. डेव्हिसला फ्राइड पाय मिळतात, करंजीची थोरली बहीण, तिथे थांबा म्हणजे गुडघेही मोकळे होतील.

आणि हे अप्पांना आधीच सांगून ठेवा: शनिवारी दुपारी बाराला टॉर्नेडोचे भोंगे वाजवून तपासतात. आमच्या सासूबाईंनी एकदा थेट टेबलाखाली बसकण मारली होती.

कुंदा_इरविंग

खूप खूप आभार सगळ्यांचे. ठरलं, नॉर्मन. मूरला हॉटेल घेतलं, फराळ आधीच्या आठवड्यात उरकतेय, नवरोबा गाडी चालवायला तयार झाले कारण फ्राइड पाय. बंडूभाऊ, अप्पांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला, म्हणाले की याला एकदा घरी बोलाव.

अप्पांनी फोटो काढून ठेवलेत, दिरांनी काल छापून आणले. एकच शंका विचारायला सांगितलीय. फोटोवर दिशा कशी लिहायची? तेव्हा कुणी होकायंत्र घेऊन उभं नव्हतं. एका फोटोत मागे सातपुडा दिसतोय, बाकीच्यांत नुसती केळी आणि ठिबकच्या नळ्या.

नॉर्मनकर

रावेरहून सातपुडा उत्तरेला, म्हणजे काम झालं. त्या एका फोटोवरून बाकीच्यांचं जुळवता येईल. ठिबकच्या नळ्या कुठल्या दिशेने टाकल्या होत्या ते अप्पांना आठवत असेलच. प्रत्येक फोटोच्या मागे उत्तरेचा बाण काढा, तारीख आणि वेळ लिहा, आणि गारा आधी आल्या की वारा आधी, तेही. पहिला प्रश्न तोच येईल.