रविवारचं एक्स-रे शिबिर: सोसायटी ग्रुप

बी-२०३ ताई: सेक्रेटरी साहेब, पोस्टरवर "फुफ्फुसाचा कॅन्सर ओळखा, मोफत एक्स-रे" छापलंय. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही असं समजायचं का? मीटिंगमध्ये पण विचारलं होतं, तेव्हा विषय लिफ्टवर गेला

सेक्रेटरी: ताई चांगल्या कामात आधीच खोट काढू नका 🙏 निम्म्या सोसायटीची नावं आलीत

ए-५०१ काका: व्हॅन कुठे लावणार?? माझ्या गाडीपुढे चालणार नाही, आत्ताच सांगतो

डी-१०२: काका गाडी हलते कुठे तुमची, तिचाच एक्स-रे काढून घेऊ 😄

ए-५०१ काका: नीट बोलायचं. मेंटेनन्स वेळेवर भरतो मी

ए-४०२ काकू: आणि जिन्यातली सिगारेटची थोटकं कोणाची ते पण विचारा कोणीतरी

बी-२०३ ताई: माझा प्रश्न तसाच आहे. नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही का?

सी-१०४ डॉक्टर: ताई बरोबर विचारतायत. नाही, असं समजायचं नाही. लहान गाठ बरगडीच्या नाहीतर हृदयाच्या सावलीत दडते, फिल्मवर दिसतच नाही. अमेरिकेत पीएलसीओ म्हणून मोठा अभ्यास झाला, दीड लाखावर माणसं, निम्म्यांना दरवर्षी छातीचा एक्स-रे, तरी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. २०११ चा निकाल आहे. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात लो-डोस सीटी (कमी किरणांचा सीटी स्कॅन) केलेल्यांमध्ये हे मृत्यू एक्स-रेवाल्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी निघाले

डी-१०२: मग सगळ्यांचा सीटीच करू की

सी-१०४ डॉक्टर: सरसकट नाही. अमेरिकेतला नियम ५० ते ८० वय, रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षं ओढलेली, आणि अजून ओढतोय किंवा सोडून १५ वर्षं झाली नाहीत, त्यांनाच. बाकीच्यांना टीबीचा जुना व्रण दिसला तरी पुढच्या तपासण्या आणि घरभर घोर

सी-३०३ दादा: पण जपानमध्ये एक्स-रेच काढतात ना?

सी-१०४ डॉक्टर: काढतात, पण दरवर्षी. दोन डॉक्टर वाचतात, जुन्या फिल्मशी ताडून बघतात. आपण एकदा काढून फाईलमध्ये ठेवणार

सेक्रेटरी: म्हणजे शिबिर रद्द? व्हॅनवाल्यांना शब्द दिलाय हो मी

सी-१०४ डॉक्टर: रद्द कशाला साहेब, टीबी शोधायला एक्स-रे खरंच कामाचा आहे. पोस्टरवर कॅन्सरची हमी नको एवढंच

बी-२०३ ताई: मी भांडायला विचारत नव्हते. सासऱ्यांनी आयुष्यभर ओढलीय, महिना झाला खोकला थांबत नाही, वजन उतरलंय, परवा रुमालाला रक्त दिसलं. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात रविवारी फुकट एक्स-रे आहे, तो नॉर्मल आला की विषय संपला

सी-१०४ डॉक्टर: ताई रविवारची वाट बघू नका. थुंकीत रक्त आहे म्हणजे हे स्क्रीनिंगचं, म्हणजे त्रास नसताना करायच्या तपासणीचं, प्रकरणच नाही, उद्या सकाळी छातीच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला तरी सीटीचं विचाराच. संध्याकाळी मी वर येऊन बोलते त्यांच्याशी

ए-५०१ काका: मी सोडतो सकाळी. गाडी हलते माझी. किती वाजता निघायचं सूनबाई?

बी-२०३ ताई: नऊला काका 🙏

सेक्रेटरी: पोस्टर बदलतो. "टीबी आणि छातीची तपासणी" लिहितो, खाली टीप टाकतो की खोकला किंवा रक्त असेल त्यांनी थेट डॉक्टरकडे जावं. मजकूर डॉक्टर ताई बघून द्या

ए-४०२ काकू: थोटकांचं काय झालं?