बेस कंट्रोलरमध्ये सगळं कोंबणं थांबवायचं का?

मूळ धागा:
आमच्या लारावेल (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्टमध्ये एकच बेस कंट्रोलर आहे, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारे बाकी सगळे कंट्रोलर ज्याच्यावरून बनतात तो मूळ क्लास. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) आता आठ सर्व्हिसेस (एकेक काम करणारे क्लास) झाल्यात. पीडीएफ बनवणारी सर्व्हिस लागते फक्त इन्व्हॉइसला, पण ती सगळ्यांच्याच गळ्यात. परवा आठवी टाकली, तर ज्या ज्या कंट्रोलरला स्वतःचा कन्स्ट्रक्टर आहे तिथली पेरेंटच्या, म्हणजे बेसच्या, कन्स्ट्रक्टरला हाक मारणारी ओळ बदलत बसावं लागलं. एक फाइल नजरेतून सुटली आणि ते पान लाइव्हवर पडलं. माझं मत पक्कं आहे: ज्याला जे लागतं ते त्यानं स्वतः मागावं, कंटेनर (लारावेलचा ऑब्जेक्ट बनवून पुरवणारा भाग) आणून देतो. रिक्वेस्टचं सामाईक काम मिडलवेअरमध्ये (रिक्वेस्ट कंट्रोलरपर्यंत जाताना वाटेत चालणारा कोड) जावं. लारावेल 11 मध्ये मूळ कंट्रोलरचा क्लास रिकामाच मिळतो, ते उगाच नाही.

प्रतिसाद:
अजिबात पटलं नाही. मी रेल्समध्ये (रुबीचं वेब फ्रेमवर्क) काम करतो. अॅप्लिकेशन कंट्रोलरमध्ये, म्हणजे आमच्या बेसमध्ये, लॉगिनची तपासणी बिफोर-अॅक्शननं (प्रत्येक अॅक्शनच्या आधी चालणारी मेथड) एकदा लिहिली की नवीन माणसाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. सूट हवी तिथे स्किप लिहावंच लागतं, ते रिव्ह्यूत दिसतं. तुमच्याकडे रूटला (पानाच्या पत्त्याला) मिडलवेअर लावायचं राहिलं तर पान सगळ्या जगाला उघडं, आणि एररही येत नाही.

मूळ लेखक:
ही भीती खरी आहे. पण मिडलवेअर आख्ख्या ‘वेब’ गटालाच लावून हव्या त्या रूट्सना वगळता येतं, म्हणजे तुमचीच पद्धत. माझं भांडण कन्स्ट्रक्टरशी आहे. लारावेल 5.3 पासून कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा सेशनचं (लॉगिन लक्षात ठेवणारं) मिडलवेअर चाललेलंच नसतं, त्यामुळे तिथे लॉगिन केलेला युजर मागितला की नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं. आमच्याकडे युजरची भाषा तिथेच ठरवली होती. सगळ्यांना डिफॉल्ट भाषा दिसायची, आणि आम्ही दोन दिवस ट्रान्सलेशनच्या फाइल्स तपासत होतो!

दुसरा प्रतिसाद:
कोणी ट्रेट (हव्या त्या क्लासमध्ये मिसळता येणारा मेथड्सचा गठ्ठा) सुचवायच्या आधी सांगतो, आम्ही तो प्रयोग केला. ट्रेटनं गृहीत धरलं की क्लासमध्ये मेलर (ईमेल पाठवणारा ऑब्जेक्ट) असणारच. तो कुठून येतो हे वाचणाऱ्याला कळेना. टेस्ट लिहिताना तर फारच त्रास झाला.

पहिला प्रतिसाद देणारा:
कन्स्ट्रक्टरचं मान्य. पण जेसन (डेटा पाठवायचं एक स्वरूप) उत्तराचा ठरलेला साचा, पेजिनेशनचे (यादी पानापानानं दाखवण्याचे) आकडे वाचणं, यात सर्व्हिस कुठे आहे? दोन-चार ओळींच्या मेथड्स आहेत. त्यांच्यासाठी वेगळा क्लास काढून तो वीस ठिकाणी इंजेक्ट करणार (कन्स्ट्रक्टरमधून मागून घेणार)?

मूळ लेखक:
नाही, त्या बेसमध्येच राहू देत. सर्व्हिसेस मात्र बाहेर.