सालामांका की ग्रानादा?
स्पॅनिश शिकायला एका सेमिस्टरसाठी स्पेनमधल्या या दोन शहरांपैकी कुठे जावं, असा प्रश्न आहे. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं, आणि तिथले उच्चार शिकणाऱ्याला सोपे. मी ग्रानादाला होतो. ग्रानादा ज्या दक्षिण भागात येतं त्या आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' बहुधा गिळतात, त्यामुळे पुण्यात क्लास केलेला माणूस सुरुवातीला पार गांगरतो. तरी सरावाला ग्रानादाच बरं. पेय मागवलं की सोबत तापा, म्हणजे छोटीशी खाण्याची डिश, फुकट येतो (शाकाहारी असाल तर 'हामोन नको', म्हणजे डुकराचं मांस नको, हे आधी पाठ करा!), आणि काउंटरपाशी शेजारचे आजोबा आपणहून बोलायला लागतात. रात्रीचं जेवण नऊनंतर, तेवढी सवय करा. खोली मात्र भारतीयांसोबत घेऊ नका. स्पॅनिश मुलांशी भांडी कुणी घासली नाहीत यावर वाद घालताना भूतकाळ आपोआप पक्का होतो.