अनुभव धागा: तुमचं वाचन नेमकं कुठे अडतं?

मागच्या महिन्यात नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात एक जाड कादंबरी परत करायला गेले. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. काउंटरवर देताना आतली खूण काढली, ती पान ४६ वर होती. सहा आठवड्यांत सेहेचाळीस पानं. दहावीच्या सुट्टीत याच वाचनालयात मी दिवसाआड पुस्तक बदलायला यायचे. १८४० सालापासून उभी असलेली ही संस्था, आणि तिच्या दारातून मी पुस्तक न वाचता बाहेर पडले, याचं फार वाईट वाटलं.

वेळ नाही, हे कारण मला पटत नाही. रोज रात्री दीड तास मी वाचतच असते, पण मोबाइलवर. पुस्तकाचं दीड पान झालं की हात आपसूक उशीशेजारी जातो. फोन वाजलेलाही नसतो. एखाद्या शब्दाचा अर्थ बघायला म्हणून उचलते आणि वीस मिनिटांनी परत येते. पात्रांची नावं आठवतात, त्यांच्यात काय चाललं होतं ते निसटलेलं असतं.

माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतो, हे ग्लोरिया मार्क या संशोधक बरीच वर्षं मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडे ती ४७ सेकंदांवर आली. पण मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. वाचन, एकाग्रता, विचार करणं, यातलं काय बदललं? उपाय सांगितलेच पाहिजेत असं नाही. नावाऐवजी आपला भाग लिहिला तरी चालेल.

नाशिकरोड

चौदा वर्षं पंचवटी एक्स्प्रेसचा पास आहे. जायला साडेतीन तास, यायला तितकेच. सुरुवातीला आमच्या डब्यात एकच पेपर सुटा करून वाटला जायचा. अग्रलेखाचं पान एकाकडे, खेळाचं दुसऱ्याकडे, आणि कल्याण येईपर्यंत त्यावर वाद. पुस्तकंही हातोहात फिरायची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात डबा गप्प झाला.

सकाळचे ते साडेतीन तास आजही माझ्याकडे आहेत. ते कुठे जातात, हे मला इगतपुरी सुटल्यावर कळलं. कसारा घाटात बोगदे लागले की रेंज जाते, पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं, आणि सगळा डबा मान वर करतो. एका पावसाळ्यात असाच वर बघितलं, खिडकीबाहेर कड्यावरून पाणी कोसळत होतं. शेजारच्याला म्हटलं, "मघाशी एक फार चांगला व्हिडिओ बघितला." तो म्हणाला, "कशाचा?" मला सांगता येईना. नाशिकरोडपासून पाऊण तास मी बघत होतो आणि त्यातलं काहीच उरलं नव्हतं. तेव्हा भीती वाटली.

आता घाट ही माझी वाचायची जागा आहे. इगतपुरीला पुस्तक काढतो आणि रेंज आली तरी प्रकरण संपेपर्यंत फोन पिशवीतच. कधी कधी ते प्रकरण ठाण्यापर्यंत पुरतं.

सिडको

आठवी-नववीला मराठी शिकवते. एका उताऱ्यात घरात एकच भाकरी उरलेली असते आणि आई मुलाला म्हणते, "तू खा, मला भूक नाही." प्रश्न होता, आई असं का म्हणाली? वर्गात ४२ मुलं. बहुतेकांनी लिहिलं, "कारण आईला भूक नव्हती." वाक्य उताऱ्यात होतं, त्यांनी शोधलं आणि उतरवलं. भाकरी एकच होती, हे पाचच जणांच्या लक्षात आलं.

मी मुलांना दोष देत नाही. शब्द टाकायचा, तोच शब्द दिसला की उत्तर मिळालं, अशी सवय आपणच त्यांना लावली. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून एक पाहणी झाली होती. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. गोष्टींच्या बाबतीत फरक आढळला नव्हता. म्हणून मी आता उतारा छापून देते, आधी मोठ्यानं वाचून घेते आणि प्रश्न दुसऱ्या दिवशी देते.

इंदिरानगर

अ‍ॅपच्या पडद्यांची रचना करणं हे माझं काम आहे, म्हणून एवढंच सांगतो. पूर्वी संकेतस्थळावर खाली पोचलं की "पुढील पान" असं बटण असायचं. तिथे माणूस क्षणभर थांबायचा आणि पुढे जायचं की नाही हे ठरवायचा. २००६ मध्ये एझा रास्किन यांनी न संपणारी स्क्रोल बनवली आणि तो थांबा गेला. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पुस्तकात पान उलटावं लागतं, प्रकरण संपतं. आपण थांबतो आणि वाचलेलं मनात फिरतं, ते तिथेच. मी माझ्या कामात असे थांबे परत मागतो. बहुतेक वेळा मिळत नाहीत.

निफाड तालुका

आमच्याकडे पुस्तकं कमीच, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. पण ताईंनी विचार करण्याबद्दलही विचारलंय.

द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीची, म्हणजे पानावरच्या बुरशीच्या रोगाची धास्ती. मी सात ग्रुपांत आहे. एका रात्री अकरापर्यंत फोटो येत राहिले, औषधांची नावं, "आत्ताच्या आत्ता मारा". पहाटे तीनला ब्लोअर जोडला आणि अख्खी बाग फवारली. सकाळी वडील ओळीओळीनं पानं उलटून बघत गेले. डाऊनी असली की वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी पालथ्या बाजूला पांढरी बुरशी. कुठंच नव्हती. रोग दिसायच्या आधी फवारावं लागतं हे खरं. पण आमच्या शिवारात थेंबही पडला नव्हता, पान ओलंच झालं नव्हतं. पाऊस दिंडोरीकडे झाला होता, फोटोही तिकडचेच. वडिलांनी एवढंच विचारलं, "पान बघितलं का?"

मला माहिती कमी नव्हती, उलट त्यांच्यापेक्षा दहापट होती. पण ती माहिती आणि माझी बाग यांच्यामध्ये बसून विचार करायला मी पाच मिनिटं थांबलो नाही. ग्रुप सोडले नाहीत, भाव आणि हवामान तिथूनच कळतं. पण आता आधी बाग फिरतो, वहीत लिहितो, मगच फोन.

जेलरोड

दुसरी बाजूही लिहितो. वय ७३. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं छापील अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा वाचन संपलं असं धरून चाललो होतो. नातीनं टॅबवर अक्षर बोटभर मोठं करून दिलं. मराठी विश्वकोशाच्या नोंदी मी रोज सकाळी वाचतो आणि दुपारी पुस्तकं ऐकतो. ऐकताना मन भरकटतं, म्हणून शेंगा सोलायला घेतो. हात गुंतले की कान जागेवर राहतात.

पंचवटी

माझी कादंबरी पुरी होत नाही, पण पोथीचं पारायण होतं. सात दिवस, रोज अडीच-तीन तास, मोठ्यानं. फरक एकच दिसतो. पोथीपुढे बसताना फोन त्या खोलीतच नसतो.

अशोकस्तंभ

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, अभ्यासिकेत असतो. लेक्चर दुप्पट वेगानं ऐकायची सवय लागली आणि आई बोलत असली तरी "लवकर सांग ना" असं व्हायला लागलं. मे महिन्यात मित्रानं गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला नेलं. पहिली पंधरा मिनिटं अंग नुसतं तडफडत होतं. मग वक्ता एका मुद्द्यावर थांबला आणि मी पहिल्यांदा पुढचा मुद्दा काय येईल याचा विचार केला. नंतर आणखी तीन संध्याकाळी गेलो.

धागाकर्ती

शनिवारी तीच कादंबरी परत आणली. फोन स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवते. अडलेला शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि पुढे जायचं. पान ११० पर्यंत नऊ शब्द झाले, त्यातल्या सातांचा अर्थ पुढे वाचताना आपोआप लागला. उरलेले दोन शेतातले आहेत. निफाडचे दादा, रुमणं आणि पाभर म्हणजे नेमकं काय?

निफाड तालुका

रुमणं म्हणजे नांगराचा मागचा उभा दांडा. त्यावर हात ठेवून नांगर दाबून धरायचा, नाहीतर तास, म्हणजे जमिनीतली चर, उथळ पडतं. पाभर हे पेरणीचं अवजार, वरच्या चाड्यातून, म्हणजे वाटीसारख्या भागातून, बी सोडायचं. वडिलांची पाभर अजून गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आहे.