पूर्ण इमेज बॅकअप मध्येच तुटतो. सपोर्ट म्हणतो ‘पुन्हा इन्स्टॉल करा’

प्रश्न

विंडोज ११, १ टीबीचा एसएसडी, त्यातले साधारण ४२० जीबी भरलेले. बॅकअप २ टीबीच्या यूएसबी हार्ड डिस्कवर जातो. ती एनटीएफएस आहे आणि ९०० जीबी रिकामी आहे. रविवारी पूर्ण इमेज (अख्ख्या ड्राइव्हची प्रत), बाकी दिवस इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच). इन्क्रिमेंटल सहसा नीट होतो, पूर्ण मात्र कधी ५५ टक्क्यांवर तुटतो, कधी ७० च्या पुढे जाऊन. एरर दोन तऱ्हेचे येतात: ‘शॅडो कॉपी नाहीशी झाली’ किंवा ०एक्स८००७००७९. सॉफ्टवेअरच्या सपोर्टकडे तिकीट टाकलं तर प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका, एवढंच उत्तर आलं. त्याआधी काय तपासावं? आणि त्यांना काय पाठवलं तर काम पुढे सरकेल? शेवटचा यशस्वी पूर्ण बॅकअप अजून डिस्कवर आहे.

प्रतिसाद १

सगळ्यात आधी तो यशस्वी बॅकअप सांभाळा. जॉबच्या (ठरवून ठेवलेल्या बॅकअपच्या) सेटिंगमध्ये जुने संच कधी पुसले जातात ते पाहा. काही प्रोग्रॅम नवा बॅकअप सुरू करण्याआधी जागा करतात. तसं असेल तर ‘नवा यशस्वी झाल्यावरच जुना पुसा’ हा पर्याय निवडा, किंवा पुसणं तूर्त बंदच ठेवा.

तुमचे दोन एरर दोन वेगळ्या ठिकाणचे आहेत, त्यामुळे एका उपायाने दोन्ही जातील असं धरू नका. पहिला सी ड्राइव्हचा. बॅकअप सुरू होताना विंडोज ड्राइव्हचं त्या क्षणाचं चित्र गोठवतं, तीच शॅडो कॉपी. त्यानंतर एखादा ब्लॉक बदलला की त्यातला जुना मजकूर आधी शॅडो स्टोरेजमध्ये जातो. ही जागा मर्यादित असते. ती भरली की शॅडो कॉपी टाकून दिली जाते आणि तिच्यावरून वाचणारा बॅकअप तिथेच कोसळतो. इन्क्रिमेंटल लवकर उरकतो म्हणून वाचतो. पूर्ण इमेज बराच वेळ चालते, तेवढ्यात जागा भरते. टक्केवारी दर वेळी वेगळी येते ती यामुळेच. सी ड्राइव्हवर खराब सेक्टर असता तर बहुधा दर वेळी त्याच जागी अडकलं असतं आणि कोड ०एक्स८००७००१७ किंवा ०एक्स८००७०४५डी आला असता.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालचा ‘सिस्टम’ उघडा, सोर्स ‘व्हॉलस्नॅप’ गाळून घ्या आणि बॅकअप तुटला त्या मिनिटाच्या आसपास पाहा. इव्हेंट ३६ म्हणजे शॅडो स्टोरेजला घातलेली मर्यादा संपली. २५ म्हणजे मर्यादा असूनही जागा वेळेत वाढवता आली नाही, डिस्कवर त्या वेळी लिहिण्याचा ताण जास्त होता. मर्यादा किती आहे ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज’ चालवून दिसेल. त्याच खिडकीत ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ही चालवा. रायटर म्हणजे शॅडो कॉपीआधी आपापला डेटा नीट लावून ठेवणारे विंडोजचे आणि प्रोग्रॅमचे भाग. प्रत्येक रायटरपुढे ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ असायला हवं. एखादा ‘फेल्ड’ असेल तर संगणक रीस्टार्ट करून पुन्हा बघा. तरीही तसाच राहिला तर त्या रायटरच्या सर्व्हिसकडे वळा, उदाहरणार्थ ‘सिस्टम रायटर’साठी क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस.

प्रतिसाद २

दुसऱ्या एररबद्दल. ०एक्स८००७००७९ म्हणजे समोरच्या उपकरणाने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही. इथे संशय यूएसबी डिस्क आणि तिच्यापर्यंतच्या वाटेवर. ‘सिस्टम’ लॉगमध्येच सोर्स ‘यूएएसपीस्टोर’चा (यूएसबी डिस्कच्या ड्रायव्हरचा) इव्हेंट १२९ शोधा, त्याचा अर्थ डिस्क गप्प झाली म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. सोर्स ‘डिस्क’चा १५३ म्हणजे तीच विनंती पुन्हा करावी लागली, ७ म्हणजे खराब ब्लॉक.

हब काढा, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं पोर्ट सोडा आणि मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टात आखूड केबलने थेट जोडा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. मग स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचा. क्रिस्टलडिस्कइन्फो चालेल, पण त्यात कच्चे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दिसतात, म्हणजे १० दिसलं तर ते १६ आहे. शून्याहून जास्त ०५ (बदली केलेले खराब सेक्टर) आणि सी५ (अजून बदली न झालेले संशयित सेक्टर) हे चिंतेचे. सी७ (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढलेला दिसला म्हणून बरेच जण यूएसबी केबल बदलतात. पेटीतल्या हार्ड डिस्कच्या बाबतीत तो आकडा पेटीतला बोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या जोडणीचा असतो. यूएसबी केबल खराब असली तर ती सी७ मध्ये दिसतच नाही. शिवाय तो आकडा कधी शून्यावर येत नाही. पाहायचं ते एवढंच, की तो अजून वाढतोय का.

सी५ मध्ये काही आढळलं तर त्या डिस्कवर चेकडिस्कचं ‘आर’ (खराब सेक्टर शोधणारी तपासणी) चालवत बसू नका. अख्खी डिस्क वाचायला लावणं ढासळत्या डिस्कला परवडत नाही. जुना चांगला बॅकअप आधी दुसरीकडे हलवा आणि डिस्क बदला.

आणखी एक शक्यता: अडीच इंची बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) असतात. सलग मोठं लेखन सुरू राहिलं की त्यांचा वेग एकदम पडतो आणि टाइमआउट येऊ शकतो. इन्क्रिमेंटल छोटा असल्याने तो तिथवर पोहोचत नाही.

प्रश्नकर्ता

रायटर सगळे स्टेबल. शॅडो स्टोरेजची मर्यादा ९.३ जीबी (१ टक्का) आहे आणि ‘नाहीशी झाली’ म्हणाला त्या दोन्ही वेळी व्हॉलस्नॅप ३६ आहे. त्या वेळेत सी ड्राइव्हवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) चालू असतं. दुसऱ्या एररच्या वेळी यूएएसपीस्टोर १२९ ओळीने आले आहेत. डिस्क हबवर होती. ०५ आणि सी५ शून्य.

प्रतिसाद १

मग कारण मिळालं. चालू व्हर्च्युअल मशीन आपल्या डिस्क फाइलमध्ये सतत लिहितं आणि त्यातला प्रत्येक बदललेला ब्लॉक शॅडो स्टोरेज खातो. बॅकअपच्या वेळी ते बंद ठेवा. मर्यादाही वाढवा: सिस्टम प्रॉपर्टीजमधल्या ‘सिस्टम प्रोटेक्शन’मध्ये सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’, आणि ‘मॅक्स युसेज’ १० टक्क्यांवर न्या. तुमच्याकडे अर्धी डिस्क रिकामी आहे, अडचण येणार नाही. पुढे कधी हा आकडा खाली आणायचा झाला तर जुने रिस्टोअर पॉइंट जाऊ शकतात, हे ध्यानात असू द्या.

यूएसबीचा बदल वेगळा करून पाहा. दोन्ही एकाच रविवारी केले तर कशाने काय सुटलं ते कळणार नाही. एरवी याने फार बिघडत नाही, पण सपोर्टशी बोलायचं असेल तेव्हा ते कळणं गरजेचं असतं.

प्रतिसाद ३

सपोर्टबद्दल बोलतो, ते अजून राहिलंय. ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ याला लगेच हो म्हणू नका. त्यात जॉब, लॉग आणि बॅकअपच्या साखळीची नोंद जाऊ शकते, आणि मग सपोर्टलाही पाहायला काही उरत नाही. करावंच लागलं तर आधी सेटिंग एक्सपोर्ट करा आणि लॉगचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा.

तिकिटात एकच वाक्य ठळक लिहा: कोणत्या तारखेला किती वाजता सुरू झाला, किती वाजता तुटला, कोड कोणता. टक्केवारीपेक्षा घड्याळ कामाचं. दर वेळी सुरुवातीपासून तेवढ्याच मिनिटांनी तुटत असेल तर संगणक झोपी जातोय का हे कुणालाही चटकन सुचेल. सोबत त्या जॉबचा अख्खा लॉग जोडा. स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण खरी चूक बहुतेकदा शेवटच्या ओळीच्या बरीच वर असते. इव्हेंट व्ह्यूअरमधले ‘सिस्टम’ आणि ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉग ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज’ने साठवून जोडा. विंडोजचा बिल्ड नंबर, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि वरच्या दोन्ही कमांडचा मजकूरही द्या. मग थेट विचारा: तुमचा प्रोग्रॅम विंडोजची शॅडो कॉपी वापरतो की स्वतःचा स्नॅपशॉट ड्रायव्हर? डीबग लॉग कसा चालू करायचा? हे प्रश्न गेले की तिकीट सहसा पहिल्या पायरीवर राहत नाही.

पाठवण्याआधी लॉग चाळा, त्यात फाइलींची आणि वापरकर्त्यांची नावं असतात. रिमोट सेशन द्यायचं तर त्यांनी काय उघडलं ते समोर बसून पाहा. बॅकअपचा एन्क्रिप्शन पासवर्ड या कामासाठी लागत नाही. कुणी मागितला तरी देऊ नका.

प्रतिसाद २

‘यशस्वी’ असा हिरवा शिक्का आला तरी तिकीट बंद करू नका. आधी व्हेरिफाय (बॅकअप पुन्हा वाचून तपासणं) चालवा. त्यात चूक आली तर पुन्हा चालवा. दर वेळी वेगळ्याच जागी चूक निघाली तर रॅमची चाचणी घ्या. मग इमेज माउंट करून (ड्राइव्हसारखी जोडून) दोन-चार मोठ्या फाइली उघडून पाहा, आणि रेस्क्यू यूएसबीवरून संगणक सुरू करून तिला ती डिस्क आणि इमेज दिसते का तेही बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याआधी रिकव्हरी की संगणकाबाहेर लिहून ठेवा. वनड्राइव्हमधल्या ज्या फाइली ‘फक्त ऑनलाइन’ आहेत त्यांची इमेजमध्ये नुसती नावंच येतात, मजकूर येत नाही. त्या हव्या असतील तर बॅकअपपूर्वी त्या फोल्डरवर ‘या उपकरणावर नेहमी ठेवा’ निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.