बुटाच्या नाड्यांना सोपा पर्याय कोणता?

प्रश्न : पंचवटीकर

माझे वडील ७४ वर्षांचे असून संधिवातामुळे त्यांची बोटे आखडली आहेत. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फेऱ्या मारण्याचा नेम त्यांनी सोडलेला नाही. परंतु वाकून नाड्या बांधणे आता जमत नाही, आणि एकादशीला काळारामाच्या दर्शनाला गेले की बूट काढून पुन्हा घालण्यात पंधरा मिनिटे जातात. नुसते पाय सरकवायचे बूट आणून पाहिले, पण चालताना त्यांतून टाच निसटते. चपलेचे नाव काढले तर ते रागावतात. काय करावे?

उत्तर १ : गोदाकाठ

बूट चांगले असतील तर ते बदलू नका, केवळ नाडी बदला. ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिकच्या लेस मिळतात. त्या एकदा ओवून वर छोटे लॉक बसवले की पुढे बूट मोज्यासारखा पायात जातो. ट्रायथलॉनचे खेळाडू वेळ वाचवण्यासाठी हेच वापरतात. मात्र ताण ठरवताना वडिलांना उभे करा, कारण अंगाचा भार पडल्यावर पाऊल पसरते आणि बसून बेतलेली लेस चालताना काचते. उरलेले टोक लगेच कापू नका. आठवडाभर वापरून मगच कापा. संध्याकाळी पाय सुजत असतील तर हा पर्याय अधिकच सोयीचा, कारण सुजेबरोबर लेसही सैल होते. प्रत्येक भोकाच्या जोडीत वेगळी बसणारी सिलिकॉनची पट्टीही मिळते, पण माझ्या दोन पट्ट्या पावसाळ्यातच तुटल्या. आणखी एक गोष्ट : पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना पाऊल पुढे सरकते, तेथे ही लेस पुरेशी धरत नाही, सपाट ट्रॅकसाठी मात्र उत्तम.

उत्तर २ : कॉलेजरोड६२

माझे मत वेल्क्रोच्या, म्हणजे दाबले की चिकटणाऱ्या पट्टीच्या बाजूने आहे. आखडलेल्या बोटांना चिमटीत काही धरावे लागत नाही, पंजाने दाबले की काम होते. कुत्र्याच्या केसांत अडकलेली कुसळे पाहून जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये ही कल्पना सुचली. त्यामुळे तिचा दोषही कुसळांचाच, म्हणजे मोज्याचे धागे आणि चिखल तिच्यात अडकून पकड जाते. जुन्या दातांच्या ब्रशने ती साफ करावी व धुताना पट्टी बंद ठेवावी. पट्टी लांब निवडा, म्हणजे सुजलेल्या पायावरही पुरते.

उत्तर ३ : सकाळचाफिरस्ता

दोन्ही पर्यायांत वाकण्याचा प्रश्न उरतोच, त्यामुळे लांब दांड्याचे शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची पन्हळी पट्टी, घ्या. ते नसेल तर बुटाची मागची बाजू टाचेने दाबून बूट घालण्याची सवय लागते, आणि ती एकदा चेपली की टाच निसटण्याची आपली मूळ तक्रार पुन्हा सुरू होईल. वडिलांना मधुमेह असेल व पायाची संवेदना कमी झाली असेल, तर बूट काढल्यावर लेसचे वळ उमटले आहेत का, हे घरातील कुणीतरी रोज पाहावे.

प्रश्नकर्ता : पंचवटीकर

सर्वांचे आभार. मधुमेह नाही. मेन रोडवरून इलॅस्टिकची लेस आणली असून काल ती त्यांना उभे करूनच बसवली. लेस काळी असल्याने बूट पूर्वीसारखाच दिसतो, ही बाब वडिलांना सर्वांत अधिक पटली. शूहॉर्न मात्र अजून कपाटातच आहे.