आजीनं केलेली सेवा, नातवानं काढलेला धंदा: जमतं का?

कृष्णाकाठ
मिरजेतला आमचा वाडा बंद पडून आहे. भाऊबंद म्हणतात, बिल्डरला द्या. माझ्या डोक्यात वेगळंच आहे. तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र काढायचं, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. आजी इथल्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्तीनंतर गल्लीत कुणी अंथरूण धरलं की पहिली हाक तिलाच. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये हे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून या गावात रुग्णसेवेवर घरं चालत आलीत. म्हणून मला हा सरळ व्यवसाय म्हणूनच करायचाय, ट्रस्ट आणि देणग्या नकोत. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम म्हणतो, तोही १५० निराधारांसाठी. पण पेन्शन आहे, मुलगा पुण्यात, सून नोकरीवर, अशा आजोबांनी दिवसभर करायचं काय? घरात वारसा असलेल्यानं यात पडावं का?

तिरकस_नाशिक
वारसा शब्द आला की मी आधी पर्स चाचपते. आमच्याकडेही सेवेची परंपरा होती, म्हणजे थोरल्या काकूची कंबर होती. सासूबाईंचं सगळं जागेवर तिनं केलं, कौतुक मात्र घराण्याचं झालं. उद्या तुमच्या केंद्रात देखभालीला ठेवलेल्या मावशा पगारवाढ मागतील तेव्हा ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ हे कोण ऐकवणार, ते मला आत्ताच दिसतंय.

डॅलसकर
इतकं कडू कशाला? १९९४ मध्ये इथं अमेरिकेत, ओमाहाला, पॉल आणि लोरी होगन यांनी होम इन्स्टेड ही ज्येष्ठांना घरी जाऊन सांभाळणारी कंपनी काढली. पॉलच्या आजीला घरच्यांनी सांभाळलं, ती सावरली, त्यातून ही कल्पना आली. पुढे फ्रँचायझी देशोदेशी गेल्या. नुसतं सोबत बसणं हेसुद्धा काम आहे, हे घरी बघितलेल्यालाच सुचतं.

तिरकस_नाशिक
आणि २०२१ मध्ये ती कंपनी ऑनर नावाच्या टेक कंपनीनं घेतली. आजी गोष्टीपुरती उरली.

डॅलसकर
कंपनी विकली म्हणून आधीची सेवा खोटी ठरते का?

फिजिओ_सांगली
भावना राहू द्या, वाड्याला उंबरठे किती ते सांगा. संडासात कमोड आहे का, बाजूला धरायला दांडा आहे का?
आजीकडून घ्यायचंच तर तिचं कसब घ्या. जुन्या बायका मऊ झालेलं नऊवारी लुगडं चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवायच्या. दोघींनी दोन बाजूंनी धरायचं, एकदम उचलायचं, मग कुशीवर वळवायचं. कातडी घासत नाही आणि उचलणारीची पाठही वाचते. हॉस्पिटलात हेच ड्रॉशीट म्हणून शिकवतात. मावशा पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या कित्येक जणी पेशंटला काखेत हात घालून ओढतात, कारण त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. शिकवणारं माणूस तुमच्याकडे आहे का? नसेल तर वारसा फक्त भिंतींचा.

हिशेबनीस
ट्रस्ट नको म्हणताय, पण त्याचीही किंमत आहे. वृद्धाश्रमाला दरडोई महिना २५ हजारांपर्यंत जीएसटीची सूट मिळते. पण संस्था सरकारी किंवा आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेली हवी, आणि त्या रकमेत राहणं, जेवण, देखभाल सगळं धरलेलं हवं. तुमचं खासगी आणि दिवसापुरतं केंद्र त्यात बसत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणीचा प्रश्न येईल, सीएला आधीच विचारा. आणि हो, प्रॉपर्टी कार्डावर नावं किती?

कृष्णाकाठ
अकरा. सगळ्यांना भाडं देणार, करार करून.
उंबरठे काढतोय. कमोड, दांडे खर्चात धरलेत. शिकवायला आजीच्या हाताखाली तयार झालेल्या एक निवृत्त सिस्टर यायला तयार आहेत. तिरकसताई, मावशांना आठ तासांची पाळी आणि आठवड्याची सुट्टी फीमध्ये धरलीय. म्हणूनच ती फी गल्लीला झेपेल का, ही धास्ती आहे.

तिरकस_नाशिक
आजवर हे काम सुनांनी फुकट केलं, त्यामुळे कुठलाही आकडा लोकांना जास्तच वाटणार. पाटीवर आजीचं नाव लावाल तेव्हा ती नर्स होती हेही लिहा. पगार घेत होती ती.

जुना_मिरजकर
पण गल्ली तिला निवृत्तीनंतरच्या फुकट कामासाठीच आठवते. दर लावलात की ते नातं गेलं. माझे वडील शेजारच्या आजीकडे हक्कानं जाऊन बसले असते, पैसे भरून केंद्रात कधीच जाणार नाहीत.

तिरकस_नाशिक
दुपारी पत्त्यांचा डाव मांडा, चारला चहा द्या. जातात की नाही बघा.

जुना_मिरजकर
पत्त्यांसाठी जातील. आंघोळीसाठी परक्या बाईच्या हाती देणार नाहीत स्वतःला. त्यासाठी पुरुष माणूस ठेवणार आहात का, ते कृष्णाकाठ यांनी सांगावं.